उपाशी ठेवलेली ओळ

कुंड्यांसाठी आणलेली, दमट झालेली युरियाची पिशवी आज उघडली आणि तो उग्र दर्प मला वीस वर्षांमागे, चेणे गावातल्या माझ्या मक्याच्या शेतात घेऊन गेला. त्या मक्याची एक ओळ खुरटली, कारण युरिया संपला होता, असे माझे बंधू आजही सांगतात. ते साफ खोटे आहे.

पेरतानाच मी सारे खत टाकले होते. पावसाने ते धुऊन नेले. गुडघाभर रोपांची खालची पाने टोकाकडून मधल्या शिरेवर पिवळी पडू लागली, तरी मी जमिनीलाच दोष देत होतो. शेजारच्या शेतातल्या बारकीबाईंनी एक पान हाती घेतले.

"मास्तर, भूक लागली हाय त्याला. थोडं आता द्या, थोडं तुऱ्याच्या येळंला."

मग मी युरियाची नवी पिशवी आणली आणि बुंध्यापासून चार बोटे दूर, चिमूटभर युरिया त्या मातीआड करत गेल्या. पिशवीत युरिया उरला होता, तरी शेवटची ओळ मात्र त्यांनी सोडली.

"ही का राहिली?" मी खेकसलो.

"ऱ्हाऊ द्या उपाशी. न्हाय तर उद्या म्हणाल, मका आपला आपणच सुधारला."

काढणीला त्यांनी दोन कणसे माझ्या हातात ठेवली. एक टच्च भरलेले, दुसरे अर्धे बोडके. आयुष्यात मी आनंदाने हरलेला तो एकमेव वाद आहे. त्याचे श्रेय मी रिकाम्या पिशवीला मिळू देणार नाही.