अनसूया विसरली नव्हती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही हे सोडून बाकीचंच बोलले. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी नर्स होते. सत्तर सालानंतरची दोन-चार वर्षं. विंझरच्या पुढं, डोंगराच्या पोटाला असलेल्या एका वाडीत माझी नेमणूक होती. वाडीचं नाव सांगत नाही. दवाखाना म्हणजे दोन खोल्या — एकीत औषधांचं कपाट, दुसरीत मी. बाळंतपणं करायची, पोरांना लस टोचायची, आणि तेव्हा नव्यानंच आलेल्या, दिवस राहू नयेत म्हणून घ्यायच्या गोळ्या द्यायच्या. घेणाऱ्या बायका दोघी-तिघीच. गोळीनं अंगात उष्णता होते, डोळे जातात, असं वाडीत बोलायचे.

अनसूया त्या दोघी-तिघींतली. माझ्याच वयाची, आणि चार लेकरांची आई. चौथ्या वेळी तिचं रक्त थांबत नव्हतं. अधूनमधून वाडीत फेरीला येणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं, पाचवं नको, बाई हाती लागणार नाही. ऑपरेशनला सासू तयार होईना — तीन मुलींवर एकच मुलगा. मग नवरा-बायकोनं आपसांत ठरवलं, सासूला न सांगता गोळी घ्यायची.

"बाई, ही फेल तर जात न्हाई ना?" पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं.

"रोज घेतलीस तर नाही."

"रोज घीन. माझी थोरली हाय न्हवं, कमळ, ती आठवण करंल."

कमळ तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला एवढंच माहीत होतं, की आईला ताकदीची गोळी लागते.

दीड वर्ष अनसूया पाकीट संपायच्या आदल्या दिवशी माझ्या दारात उभी असायची. भातलावणीतसुद्धा, चिखलाच्या पायांनी. एकदाही चुकली नाही. एकदाही.

मग मी चुकले. नाही — चुकले हा शब्द फार सोपा आहे. पुढचं ऐका.

कामथडीला भावाकडे मला बघायला पाहुणे येणार होते. दोन दिवसांची रजा टाकून गेले. पाहुणे म्हणाले, आठवडाभरात कळवतो, आणि मी तिथंच थांबले. रजा न वाढवता, कुणाला न विचारता. का थांबले? माणूस मला आवडला होता, आणि निरोप माझ्या कानांनी ऐकायचा होता. निरोप आला. नकार होता.

परतले तर अनसूया पायरीवर बसलेली. तीनदा येऊन, दाराचं कुलूप बघून गेली होती.

"बाई, पाकीट सरून आठ दिस झालं. आता कसं?"

काय सांगायचं ते मला पाठ होतं. एवढा खंड पडला तर पाळी येईपर्यंत गोळीवर भरवसा ठेवायचा नाही, नवऱ्यापासून लांब राहायचं, नाहीतर निरोध वापरायचा. दोन वाक्यांचं काम. पण मग नवऱ्यानं विचारलं असतं, खंड का पडला? आणि ते डॉक्टरांच्या कानावर गेलं असतं. नोकरीची भीती होती, हो. पण त्याहून जास्त — आठ दिवस कुठं होतात, या प्रश्नाचं उत्तर मला कुणालाच द्यायचं नव्हतं.

मी म्हणाले, "आठ दिवसांनी काही होत नाही. आजपासून घे." आणि तिच्या कार्डावर आठ दिवस आधीची तारीख घातली.

ती हसली. "मंग बरं झालं. लई घोर लागला हुता."

पुढच्या महिन्यात आली. "बाई, पाळी न्हाई आली." मी म्हणाले, अशक्तपणा आहे. लोहाच्या गोळ्या दिल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात म्हणाली, "सकाळच्याला मळमळतंय. गोळी घीऊनबी दिस ऱ्हात्यात का वो?" मी म्हणाले, उष्णता असेल. मला कळत नव्हतं? मी नर्स होते. पहिल्याच खेपेला कळलं होतं. मग कशाची वाट बघत होते — आपोआप काही होईल याची? तिच्या पोटातलं वाढत होतं आणि मी तिला ताक पी म्हणून सांगत होते.

डॉक्टरांनी तपासलं तेव्हा पाचवा महिना लागला होता. आधी कळलं असतं तर पुण्याला पाठवून मोकळी करता आली असती, म्हणाले, गर्भपाताचा कायदा आहे आता. पण इतके दिवस गेल्यावर, अंगात रक्त नसताना, कुणी हात लावायला धजणार नाही. मग माझ्याकडे वळले. "गोळ्या वेळेवर दिल्या होत्या ना?"

"दिल्या," मी म्हणाले. "कार्डावर आहे. मध्येच विसरली असेल."

अनसूया तिथंच होती, टेबलावरून उठून पदर नीट करत. मला वाटलं, आता ही कुलपाचं बोलणार. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, काहीतरी आठवत असल्यासारखं. मग म्हणाली, "बाई म्हनत्यात तर इसरले आसंन म्या."

आठ दिवसांनी काही होत नाही, असं मीच तिला सांगितलं होतं. तिनं ते खरं मानलं होतं. म्हणून ती आपली चूक दुसरीकडे शोधत होती.

सातव्या महिन्यात रक्त जायला लागलं. डोलीतून विंझरपर्यंत नेलं, तिथून जीप. मी तिचा हात धरून बसले होते. वाटेत एकदा डोळे उघडून म्हणाली, "बाई, कुठल्या दिशीची चुकली आसंल वो माझी?"

मी म्हणाले, "बोलू नकोस, दमशील."

मोठा दवाखाना येण्याआधीच ती गेली. बाळही गेलं.

तेरावं झाल्यावर नवरा येऊन हात जोडून गेला. "तुमी करायचं त्येवढं केलंत, बाई. तिच्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई." मी मान खाली घातली. त्याला वाटलं असेल, मला दुःख झालंय.

पण मी सांगायला बसले ते हेही नाही.

दोन दिवसांनी कमळ आली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "बाई, आई गोळी इसरली म्हनून गेली, आसं बा म्हनतो. पर म्या तिला रोज सांज झाली की सांगायचे. एकबी दिस ऱ्हायला न्हाई." मग म्हणाली, "का एखादा ऱ्हायला आसंल?"

खोलीत आम्ही दोघीच. डॉक्टर नव्हते, तिचा बाप नव्हता. अकरा वर्षांच्या पोरीला खरं सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं? तिच्याकडं बघत मी म्हणाले, "असेल गं. एखादा दिवस राहिला असेल."

तिनं चौकटीवरचा हात काढला. मग हळूच म्हणाली, "धाकट्याला खेळवत बसले आसंन म्या." आणि गेली.

मी बदली मागून घेतली. पुढं पाच-सहा वर्षांनी ती भोरच्या एसटी स्टँडवर भेटली. लग्न झालेलं, कडेवर मूल. तिनंच मला ओळखलं, वाकून नमस्कार केला. सासर चांगलं आहे म्हणाली. पिशवीतला डबा काढून बघितला, झाकण दाबलं, पिशवीत ठेवला, परत काढून बघितला. मी बघतेय हे कळल्यावर ओशाळली.

"सवय लागलीया, बाई. चूल, दार, पोराचं औषध, समदं दोन-दोनदा बगती. सासू हसत्यात मला."

मी म्हणाले, "चांगली सवय आहे."

तिची गाडी लागली. मूल सावरत ती चढली, खिडकीतून हात केला. मीही केला.