अक्कांची व्हॅन आणि लॉकचा घोळ

देवानं अक्कांना सहनशक्ती भरपूर दिली होती, पण त्या तीन आठवड्यांत तीही पुरवून पुरवून वापरावी लागली.

किडनीच्या आजाऱ्यांना घरून इस्पितळात न्यायचं आणि डायलिसिसच्या मशीनवरून उठले की परत सोडायचं, हे अक्कांचं अकरा वर्षांचं काम. जुन्या व्हॅनच्या इंजिनानं मान टाकली. त्यातच टेकडीवर राहणाऱ्या, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांना ट्रॅक्टरवरून खाली पुलापर्यंत आणणारा पुतण्या नोकरीला परगावी गेला. इस्पितळातल्या साहेबांनी बजावलं, "एक तारखेपर्यंत वरपर्यंत चढणारी गाडी आणा, नाहीतर आजोबांना इथल्या वसतिगृहात हलवू." आजोबांनी फोनवर एवढंच सांगितलं, "घर सोडायला लावलंत तर मी मशीनही सोडीन." आणि ते तसं करतील, याबद्दल अक्कांना तिळमात्र शंका नव्हती.

वापरलेली फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅन मिळाली. एका रोपवाटिकेच्या मालकाची, जीव लावून सांभाळलेली. "तीन शनिवार थांबतो ताई, मग दुसऱ्याला देईन," तो म्हणाला. म्हणजे घ्यायची आणि मोकळं व्हायचं. पण घरी यजमान होते.

यजमानांना गाडी चालवता येत नाही. लायसन्स आजही नाही, कधी नव्हतंच. पण निवृत्त झाल्यापासून ते मोबाईलवर गाड्यांचं वाचत बसतात, आणि वाचलेलं पोटात राहत नाही.

"अगं, हिला डिफरेन्शियल लॉक नाही!"

"मग?"

"मग काय विचारतेस?" त्यांनी नाश्त्याच्या दोन बशा ओढल्या, अक्कांची भरलेली होती तीसुद्धा. "ही दोन चाकं. वळताना बाहेरच्याला जास्त धावावं लागतं, आतल्याला कमी. ती मोकळीक देतं ते डिफरेन्शियल. पण एक चाक हवेत लटकलं की इंजिनाचा सगळा जोर त्या रिकाम्या चाकाला. ते गरागरा फिरतं आणि जमिनीवरचं नुसतं उभं! लॉक असलं की दोन्ही एकत्र फिरतात."

"कळलं. आपल्या घरासारखंच. माझी बशी द्या."

गॅरेजवाले मिस्त्री तर आणखी वरचढ. "तसं बघायला गेलं तर हवं," ते हात पुसत म्हणाले. "तसं बघायला गेलं तर नकोही."

"मिस्त्री, काहीतरी एक बोला हो!"

"ताई, रस्ता कसा आहे त्यावर आहे ते. बसवायचं तर सामान मागवावं लागेल, ॲक्सल उघडावा लागेल. सहा आठवडे धरा."

एक तारखेला नऊ दिवस उरले होते. यजमान मात्र खुशीत. मागे लॉक की पुढे, हवेवर चालणारं की विजेवर, याची त्यांनी तीन पानं लिहिली. शुक्रवारी भाजी चिरता चिरता अक्कांचा हात थांबला.

"अहो, तो वरचा रस्ता तुम्ही बघितलाय?"

"फोटोत बघितलाय."

  इतक्या वर्षांत अक्काही पुलाच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. तीन आठवडे चाकांवर वाद, आणि चाकं जिथे जायची ती जागा कुणी पाहिलेलीच नाही! त्यांनी विळी बाजूला ठेवली, रोपवाटिकेतून व्हॅन मागून घेतली, देवाचं नाव घेतलं आणि यजमानांना शेजारी बसवलं.

खडी होती, चढ होता, दोन अवघड वळणं होती. व्हॅन तक्रार न करता चढली. दुसऱ्या वळणापुढे मात्र पाण्यानं रस्ता तिरका कापून गुडघाभर चर पाडला होता. पुढचं डावं चाक त्यात उतरलं, मागचं उजवं उचललं गेलं, आणि गाडी जागच्या जागी घरघरू लागली.

"बघ!" यजमान टाळी वाजवायचेच बाकी होते. "म्हटलं नव्हतं मी?"

"म्हटलं होतंत. उतरू नका. मागे जा, उजव्या कोपऱ्यात बसा."

"का?"

"वजन आहे म्हणून!"

अक्का खाली उतरल्या, साडी खोचली, चरात अडकलेल्या चाकापुढे चार चपटे दगड ठोकून बसवले. परत चढून हलकेच क्लच सोडला. व्हॅन एकदा कण्हली आणि बाहेर पडली. वरपर्यंत नीट गेली, वळली, चराच्या अलीकडे येऊन थांबली.

सगळ्या रस्त्यात गोम ती एवढीच, तीन पावलांची. अक्कांनी तिथूनच रोपवाटिकेच्या मालकाला फोन लावला. "दादा, गाडी माझी. हो, आहे तशी. लॉकबिक काही नको."

"अगं पण तो चर?" यजमान म्हणाले.

"तो आपण भरतोय. खाली मोठे दगड टाका, पाण्याला फट राहू द्या. वर बारीक."

"दगडांतसुद्धा प्रकार असतात. धारेचे घ्यावेत की गोल, हे आधी..."

"अहो, उचला!"

दुपार कलेपर्यंत उचलले. चरावरून व्हॅन दोनदा नेली, दोनदा आणली. एकही चाक जमिनीवरून सुटलं नाही. यजमान कंबर धरून कडेला उभे होते.

"पण जोराचा पाऊस आला, आणि हे दगड वाहून गेले तर?"

"तर आणखी दगड," अक्का म्हणाल्या. "आता बसा. आजोबांना सांगायचंय, सोमवारी सहाला दारात गाडी येईल."