इंजिनावरचा नंबर

मिरजेतला तो मेकॅनिक गाडीच्या भागांवरचे नंबर आधी बोटाने वाचायचा, मग डोळ्यांनी. भाग मूळचा की मागून बसवलेला, हे त्यावरून सांगायचा. माझी स्कूटरही त्याच्याकडेच दुरुस्तीला असायची. त्र्याण्णव साली एका डॉक्टरांची जुनी विलायती मोटार घेण्याआधी मी त्यालाच सोबत नेलं.

"सगळं मूळचं आहे," डॉक्टर मेकॅनिककडे बघून हसत म्हणाले. "यानेच तर सांभाळलीय."

इंजिनावर त्याचं बोट थांबलं. डॉक्टर हसायचे थांबले.

"आवं डॉक्टर, ह्यो नंबर ह्या गाडीचा न्हाई. तुमी परगावी होता, तवा ऑइल भरायचं माझ्याकडनं राहिलं. इंजिन जाम झालं. दुसरं बसवलं आन् गप बसलो."

डॉक्टर आत गेले. दार लागलं.

फडक्याला हात पुसत त्याने मला विचारलं, "तुमची स्कूटर तरी आणणार का आता माझ्याकडं?"

मला लगेच हो म्हणता आलं नाही.