शाल, श्रीफळ आणि लाल सिलिंडर

विमानाचं इंजिन बंद करताना मागच्या नळीत उरलेलं इंधन पेटलं. वैमानिकाला ते आतून दिसत नाही. विमानतळावर माझ्यासोबत खाली काम करणाऱ्या सहकाऱ्यानं त्यांना हेडसेटवर कळवलं, तेव्हा त्यांनी इंधन न सोडता इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरवलं आणि हवेनंच जाळ विझला. मी काय केलं? आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन धावलो. सहकाऱ्यानं कॉलर धरली, "पावडर मारू नको, इंजिनाची वाट लागंल!"

नेवाशाजवळच्या आमच्या गावात मात्र आगीची बातमी ऐकून वडिलांनी 'पोरानं इमान वाचवलं' म्हणून माझा सत्कार ठेवला. खरं जिभेवर आलं होतं, त्यांच्या तोंडाकडं बघून गिळलं. फोटोसाठी त्यांनी पेट्रोल पंपावरून लाल सिलिंडर मागून आणला. मी मूर्खासारखा तो छातीशी धरून हसलो.

चुलतभावानं फोटो फेसबुकवर टाकला. पहिला अंगठा त्याच सहकाऱ्याचा आला.