जीजाजींचे डोंगर

माझे यजमान शरच्चंद्र फक्त डोंगरांचे फोटो काढत. लग्नाबारशाचे कधी नाही. देवास गेटच्या बसस्टँडवरून पहाटेची बस पकडायची, महूच्या पुढे विंध्याच्या कड्यावर जायचं, कॅमेऱ्याची तिपाई रोवायची आणि मनासारखा उजेड येईपर्यंत उपाशी बसायचं. दरीतलं धुकं त्यांना बायकोपेक्षा जवळचं होतं. त्याला माझी ना नव्हती.

माझा राग होता माझ्या सख्ख्या धाकट्या भावावर. अनिलचा आमच्याच शहरात, फ्रीगंज बाजारात छापखाना. ह्यांच्या फोटोंची कॅलेंडरं तोच छापायचा, आणि खाली नाव कोणाचं? 'छायाचित्रे : अनिल'. देवासची टेकडी चढताना ज्याला धाप लागते, त्याचं!

"घरचाच आहे, जाऊ दे," हे म्हणत. मी मात्र अनिलला दोनदा तोंडावर विचारलं. "ताई, मार्केट में मेरा नाम चलता है," म्हणून तो हसला. कॅलेंडरं वाटायच्या समारंभात लोक त्याला हार घालत आणि ह्यांना विचारत, "आणि आपण काय करता?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

चौऱ्याण्णव साली एका शेठजींनी फ्रीगंजमध्ये रंगीत टीव्हीची भली मोठी शोरूम काढली. गिऱ्हाइकांना वाटायला त्यांना कॅलेंडर हवं होतं. ह्यांनी मुखपृष्ठासाठी सुरेख फोटो आणला. कड्यावर देवीचं देऊळ, मागे निळ्या डोंगरांच्या रांगा, आणि देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या गावच्या बायका.

फिल्मचे तुकडे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवणं माझं काम. पारदर्शक फिल्म कोणत्याही बाजूने धरली तरी चित्र दिसतंच, फक्त एका बाजूने आरशातल्यासारखं उलटं; म्हणून सुलट बाजूला मी कोपऱ्यात लाल ठिपका देत असे. अनिल चित्र कुठे बघायचा? तो ठिपका बघून छापायचा. ह्या वेळी मी ठिपका मुद्दाम उलट्या बाजूला दिला. म्हटलं, स्वतः तिथे उभं राहिल्याच्या थापा मारतोस ना, मग ओळख.

नाही ओळखलं. दिवाळीच्या पाडव्याला शोरूममध्ये कॅलेंडरं वाटली. माईकसमोर अनिल सांगत होता, आपण अंधारात कडा कसा चढलो, त्या बायका अगदी समोरून कशा गेल्या. पहिल्या रांगेत शेठजींच्या आई बसल्या होत्या. त्यांनी कॅलेंडर डोळ्यांजवळ नेलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे, ये तो उल्टी परिक्रमा कर रही हैं! दिवाली पे घर-घर अपशकुन बाँटोगे क्या?"

शेठजी अनिलकडे वळले. "तुम तो वहीं खड़े थे ना?"

अनिलला दरदरून घाम फुटला. "मैं कहाँ था जी... फोटो तो मेरे जीजाजी के हैं. सारे के सारे." माईक चालूच होता. सगळ्या शोरूमने ऐकलं.

"फिर नाम तुम्हारा क्यों?"

माझ्या जिवाला कसं थंड वाटलं! हे मात्र कॅलेंडर हातात धरून, "माझा डोंगर उलटा झाला गं," एवढंच म्हणत राहिले. डोंगराचं वाईट वाटलं मला, पण थोडंच.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. अनिल येईल असं वाटलं नव्हतं, तरी पाट मांडून ठेवला होता. आला. टोपी घालून पाटावर बसला. मी कुंकू लावलं आणि निरांजनाचं ताम्हण उचललं. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. ठिपके कोण देतं, हे त्याला ठाऊक होतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "आज तरी सरळ ओवाळशील ना?"

मी ताम्हण होतं तिथेच धरलं. "जीजाजींचं नाव छापशील?"

"ताई, आज सणाच्या दिवशी..."

"वात विझायच्या आत बोल."

"छापतो. शेठजींना दुबारा तर छापून द्यायचंच आहे."

"मोठ्या अक्षरात."

त्याने मान खाली घातली. "मोठ्या अक्षरात."

मग मी त्याला ओवाळलं.