माकडं हाकायला पाठवलेली मुलं

"ए, तू आणि तू. आज बागेत जा. माकडं आलीत."

गुरुजींनी बोट दाखवलं ते माझ्याकडे आणि माझ्या चुलतभावाकडे. वर्गात आमच्या वाडीतले आम्ही दोघंच. बसायची जागा दाराजवळ. आमची वाडी तेव्हा स्वतःला बौद्धवाडी म्हणायला लागली होती. गाव अजून जुनंच नाव घेत होतं.

त्या दिवशी साहेब शाळा तपासायला येणार होते. जमीन सारवलेली. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. ती पानं आदल्या संध्याकाळी झाडावर चढून मीच काढली होती. बाकीची मुलं तेल लावून, भांग पाडून बसली होती. भांग मीही पाडला होता. आयेनं शर्ट धुऊन उशाखाली घडी करून ठेवला होता, तो घातला होता.

गुरुजींनी माझ्या हातात घासलेटचा रिकामा डबा दिला आणि एक काठी.

बाग शाळेच्या वर, कातळावर. गुरुजी ज्यांच्या घरी राहायचे त्यांची. आम्ही दोघं दिवसभर डबा बडवत झाडाखालून फिरलो. माकडं आलीच नाहीत. खालून वर्गाचा आवाज येत होता. मुलं साहेबांसमोर पाढे म्हणत होती. मला ते पाढे येत होते. मी झाडाखाली उभा राहून त्यांच्या आवाजात आवाज मिळवला आणि डब्यावर ताल धरला. चुलतभाऊ हसला. मीही हसलो. तेव्हा मला काही कळलं नव्हतं.

कळलं दुसऱ्या दिवशी. हजेरीत आम्हाला गैरहजर दाखवलं होतं. गैरहजेरीला शिक्षा, हा शाळेचा नियम.

"काल कुठे होतास?"

"बागेत, गुरुजी. तुमीच धाडलास."

"खोटं बोलतोस?"

छडी. दुसऱ्या हातावर छडी. गुरुजींनी आम्हाला पाठवलं तेव्हा अख्खा वर्ग समोर होता. आता तोच वर्ग हसत होता. चुलतभावाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "घराक होतंय." त्याला एकच छडी बसली.

आयेनं माझ्या तळहातांना खोबरेल लावलं. "मगे तू गप कशाक नाय रवलस?" तिला राग आला होता. माझ्यावर नाही. पण दुसऱ्या कोणावर काढणार?

शाळेनं मला पुष्कळ शिकवलं. सगळ्यात पक्कं शिकलो ते गप्प राहणं.

मी मास्तर झालो. वाडीतला पहिला. फिरत फिरत शेवटी त्याच शाळेत मुख्याध्यापक म्हणून आलो. गाव मला गुरुजी म्हणायला लागलं. ज्यांच्या विहिरीला माझी आये शिवू शकत नव्हती, त्यांच्या ओटीवर मी कपबशीतून चहा प्यायलो. मला ते फार मोठं वाटलं. इतकं मोठं वाटलं की ते जाईल याची भीती वाटायला लागली.

आमच्या जिल्ह्याचं नाव निकालात वर असतं. पेपरात येतं, आम्ही कापून ठेवतो. त्यात खोटं काही नाही. इथे आईबाप स्वतः फाटकं नेसून पोरांना शिकवतात, मास्तर जीव लावून शिकवतात. मीही शिकवलं. पण शाळा तपासायला माणसं येणार असली की आमच्यातल्या बऱ्याच जणांना एक गोष्ट न सांगता ठाऊक असायची. कोण पुढे बसणार आणि कोणाला त्या दिवशी पोटात दुखणार.

आदर्श शाळेच्या पुरस्कारासाठी समिती यायची होती. माझ्या वर्गात गोविंद होता. अक्षर त्याच्या डोक्यात टिकत नसे. आज ओळखलेलं उद्या परकं. आमच्याच वाडीतला. आदल्या दिवशी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गोविंदा, उद्या बकऱ्या घेऊन जा हां रानात. तुला सुट्टी."

पोर उडी मारून पळालं.

समिती आली, वाचन ऐकून गेली, आम्हाला पुरस्कार मिळाला. समिती येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंद पानाच्या पुडीत ओले काजूगर घेऊन आला. रानात दिवसभर बसून सोललेले. काजूच्या चिकानं त्याची बोटं भाजली होती, कातडी सुटत होती. "गुरुजी, तुमका," म्हणाला. सुट्टी दिली म्हणून.

माझ्या बायकोनं त्या गरांची उसळ केली. मी चवीनं खाल्ली.

मी त्याला छडी मारली नाही. माझ्यात आणि माझ्या गुरुजींत एवढाच फरक. त्यानंतर साहेब येणार म्हटलं की गोविंद आपणहून घरी राहायचा. मग साहेब नसतानाही येईना. मी एकदाही बोलवायला गेलो नाही. शाळेचं वाचन सुधारलं होतं.

मी केव्हाच निवृत्त झालो. यंदा शाळेला शंभर वर्षं झाली.

आता शाळेत मुलं कोणाची आहेत, ते सांगायला हवं. गावातली पोरं पिवळ्या गाडीत बसून जामसंड्याला इंग्रजी शाळेत जातात. आमच्या शाळेत उरली आहेत वाडीतली काही, आणि बाकी आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळ्यांची. ही माणसं बागेतल्या खोपीत राहतात, माकडं हाकतात, फवारणी करतात. त्यांची पोरं पटावर आहेत म्हणून शाळेला कुलूप लागलेलं नाही. नाहीतर शंभरावं वर्ष साजरं करायला शाळाच नसती.

तयारीच्या सभेत मला मानानं बोलावलं. सत्कार माझाच व्हायचा होता. शाळा समितीचा अध्यक्ष माझाच विद्यार्थी. ती कातळावरची बाग आता त्याची. तो म्हणाला, "गाडीतली पोरां त्या दिवशी हय आणूया. कपडे शाळेचे घालूया. नाच तीच करतली."

शाळेतल्या नव्या बाई अध्यक्षाला हळूच म्हणाल्या, "सर, पण प्रतिज्ञा रोज बिमला सांगते. सहावीतली. तिचं पाठांतर स्वच्छ आहे."

"नेपाळी पोर प्रतिज्ञा सांगतली?" अध्यक्ष हसला. सगळे हसले. "पाव्हणे इचारतले, गावची पोरां खंय गेली म्हणान. काय सांगाचा? त्यापेक्षा ही नेपाळी पोरां एक दिवस बागेत रवांदेत. काय गुरुजी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात चहाचा कप होता. मी चहा प्यायलो.

पाठ केलेला धडा.

समारंभाच्या सकाळी मी नवं धोतर नेसून निघालो. वाडीतून शाळेकडे जवळची वाट कातळावरून, बागेच्या कडेनं जाते. खाली कर्णा लागला होता. आणि वर, बागेत, कोणीतरी डबा बडवत होतं.

मी थांबलो.

बागेच्या दगडी गडग्यापलीकडे तीन पोरं. दोन लहान, एक मोठी. मोठी बिमला. अंगावर शाळेचा गणवेश, इस्त्रीचा. वेण्यांना लाल रिबिनी. हातात पत्र्याचा डबा.

"गो, तू हय काय करतस?"

"बाई काल सांगूक इल्ल्यो. आज येव नको म्हणान." ती माझ्यासारखीच मालवणी बोलत होती. तिला दुसरी भाषा कुठून येणार, ती इथेच वाढली. "बाई रडत होत्यो, आजोबा."

"मगे ह्यो गणवेश कशाक?"

खाली कर्ण्यातून आवाज आला. प्रतिज्ञा सुरू झाली. गाडीतली कोणीतरी मुलगी सांगत होती, अडखळत, मागून कोणीतरी शब्द पुरवत होतं. बिमलानं डबा पायाशी ठेवला. ताठ उभी राहिली. हात पुढे केला. ओठ हलायला लागले. दोघं लहान तिच्या मागे उभे राहिले, तेही हात पुढे करून.

वर झाडात माकडं उतरली. तिचा बाप पलीकडून ओरडला. तिनं हात खाली केला नाही. प्रतिज्ञा संपली तेव्हाच केला.

मला वाटलं कोणीतरी माझ्या तळहातावर छडी मारली. या वयात.

"चल," मी म्हणालो. "चला रे तिगांय."

बाप धावत आला. "गुरुजी, शेठ बोला है, आज बच्चा लोग इधरच."

"शेठाला सांग, गुरुजी घेऊन गेले. जबरदस्तीनं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग वाकून डबा उचलला आणि स्वतःच बडवत बागेत शिरला.

उतरताना बिमला म्हणाली, "बाई ओरडतल्यो काय?"

"नाय. आज ओरडतील ते माझ्यावर."

मांडवाच्या तोंडाशी अध्यक्ष आडवा आला. चेहऱ्यावर हसू, आवाज दबका. "गुरुजी, ह्यो काय घोळ? साहेब बसलेहत थय. ह्यांका मागे बसवा."

मी त्यांना पुढच्या सतरंजीवर बसवलं आणि स्वतः त्यांच्याशेजारी मांडी घातली. गुडघे कडाडले. स्टेजवरून माझं नाव पुकारलं. शाल, श्रीफळ, निवेदकाचा गोड आवाज. मी वर गेलो. शाल घेतली नाही. माइक घेतला.

मी काय बोललो ते सगळं आठवत नाही. तयार केलेलं भाषण खिशातच राहिलं. एवढं आठवतं: "या शाळेत मला साहेब येणार म्हणून माकडं हाकायला पाठवलं होतं. मी गुरुजी झालो आणि गोविंदाला बकऱ्यांमागे पाठवलं. आणि या पोरांना आज बागेत ठेवायचं ठरलं तेव्हा मी त्या सभेत होतो. मी चहा पीत होतो. आत्ता तुमच्यासमोर जी मुलं नाचणार आहेत, ती या शाळेची नाहीत. या शाळेची मुलं ही आहेत. इथे, सतरंजीवर. यांच्यामुळे शाळा उघडी आहे. सत्कार करायचा तर यांचा करा."

मांडवात कुजबुज सुरू झाली. अध्यक्षानं मांडवाच्या कोपऱ्याकडे हात हलवला: बंद कर. तिथे आवाजाच्या यंत्रापाशी गोविंद बसला होता. गावातला मांडव, कर्णा आता त्याचाच असतो. त्याचा हात बटणावर होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. अध्यक्षानं पुन्हा हात हलवला. गोविंदानं हात काढून मांडीवर ठेवला. आवाज चालू राहिला.

टाळ्या थोड्याच वाजल्या. साहेब मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. पुढे नाच झाला, ठरलेल्या पोरांचाच. बिमलाला कोणी वर बोलावलं नाही. प्रतिज्ञा होऊन गेली होती. ती पुन्हा कोण घेणार? बिमला सतरंजीवर बसून राहिली, हातांची घडी घालून.

संध्याकाळी गोविंद वायरी गुंडाळत होता. मी जवळ गेलो. म्हटलं, "गोविंदा, त्या दिवसाचं तुला आठवतं?"

"आठवता. माका सुट्टी वाटलेली." तो गुंडाळत राहिला. "मोठो झाल्यावर समाजला. माझ्या पोराचो अर्ज माका भरूक येत नाय, तेव्हा."

"माझं चुकलं."

त्यानं वायर खाली ठेवली. पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, ह्या सांगूक इतकी वर्षां लागली? खंय होतास तुमी?"

लहानपणी हाच प्रश्न विचारला गेला तेव्हा माझ्याकडे खरं उत्तर होतं. आज नव्हतं. त्यानं वायरी टेम्पोत टाकल्या आणि निघून गेला. त्यानं मला माफ केलेलं नाही. करू नये.

गावात आता माझ्याशी पूर्वीइतकं कोणी बोलत नाही. ओटीवर चहाला बोलावणं येत नाही. पुढच्या महिन्यात शाळा तपासायला समिती येणार आहे, असं बाईंनी मला सांगितलं. सांगताना इकडेतिकडे बघून घेतलं.

त्या दिवशी मी पहाटेच कातळावर जाणार आहे. शाळेतून बागेकडे जाणारी वाट एकच आहे. गडग्यापाशी ती अरुंद होते. तिथे मी बसेन. कोणाचंही पोर, कोणाच्याही सांगण्यावरून, डबा घेऊन वर येऊ लागलं किंवा बागेतच डबा बडवू लागलं, तर त्याच्या हातातला डबा मी काढून घेईन आणि त्याला वर्गात नेऊन बसवीन. पुढच्या रांगेत. वाचता येत नसेल तर साहेबांना तेही दिसू दे. दर तपासणीला बसेन. पाय चालतील तोवर चालत जाईन, नंतर मला कोणीतरी तिथे नेऊन ठेवा.

माकडं हाकायची असतील तर बागवाल्यांनी स्वतः हाकावीत.