बाहेरच्या मशीनवरचा बर्फ

मशीन मीच बसवलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणाच्या नावानं खडे फोडायला नकोत.

झाशीत एसी दुरुस्त करणारे गल्लोगल्ली आहेत, पण मराठी बोलणारा दुसरा कुणी मला तरी माहीत नाही. वडील फौजेत होते, झाशीजवळच्या बबिना छावणीत बदली होऊन आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. त्यामुळे घरात आईशी मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की 'हाँ भैया, बताइए'. नगरा मोहल्ल्यातल्या काका-काकूंना माझा नंबर कुणीतरी नेमका याच कारणासाठी दिला. ते दोघं माझ्यापेक्षा खूप जुने झाशीकर. त्यांचे पूर्वज देशावरून इकडे कधी आले, ते काकांनाही नीट सांगता येत नसे. एसी घेतला तेव्हा कंपनीचा माणूस ग्वाल्हेरहून येऊन बसवून देणार होता. काकू म्हणाल्या, "नको बाई तो. आपल्या माणसाशी निदान बोलता तरी येतं." आपला माणूस! मी असा फुगलो म्हणून सांगू.

एसी साधा नव्हता. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम करणारा होता, आणि घेतला होता तो गरम करण्यासाठीच. काकांची फुप्फुसं गेलेली. उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर. डॉक्टरांनी बजावलं होतं की या खोलीत शेगडी नाही, लाल होणाऱ्या सळईचा हीटरही नाही, आणि थंडी तर अजिबात लागू द्यायची नाही. तेलाचा हीटर आणून पाहिला होता, पण त्या उंच छताच्या खोलीत त्याचा काही उपयोग झाला नाही. काकांची मुलगी पुण्याला असते. तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "हा हिवाळा बाबांना नीट गेला तर ठीक. नाहीतर मी त्यांना घेऊन जाणार, आणि मग परत पाठवणार नाही."

काकांना पुण्याचं नाव काढलं तरी धाप लागायची. मला एकदा म्हणाले, "अरे, तिथं मी तोंड उघडलं की नातवंडं हसतात. म्हणतात आजोबा हिंदीत मराठी बोलतात. इथे दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे मला बाबूजी म्हणतात. खाट बाहेर टाकून बसलो की दहा जण रामराम करून जातात. तिथं चौथ्या मजल्यावर मला कोण ओळखतं? मला इथंच मरू दे रे बाबा." असं हसत हसत म्हणाले, पण हात माझ्या मनगटावर घट्ट होता.

तर मे महिन्यात मी मशीन बसवलं. उन्हाळाभर मस्त चाललं. डिसेंबरात धुकं पडलं, आपली ती हाडात शिरणारी गलन सुरू झाली, आणि एका सकाळी काकूंचा फोन आला. मशीन पहाटेपर्यंत गरम हवा देतं आणि मग गार फेकायला लागतं.

मी गेलो. मागच्या अंगणात बाहेरचं युनिट पांढरंफटक झालं होतं. जाळीवर बोटभर बर्फ, आणि पंखा त्या बर्फाला घासून खडखडत होता.

आता यातली गोम सांगतो. असं मशीन हिवाळ्यात बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणतं. त्यात बाहेरचं युनिट इतकं गार पडतं की हवेतलं दव त्याच्यावर गोठतं. ते ठीकच आहे, तसं व्हायचंच. म्हणून त्याच्या नळीत एक छोटा सेन्सर खोचलेला असतो. नळी फार गार झाली की सेन्सर मशीनच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला कळवतो, बोर्ड पाच-सात मिनिटं मशीन उलटं चालवतो, बर्फ वितळून जातो आणि पुन्हा गरम हवा सुरू. कुणी काही करायचं नसतं. इथे बर्फ साठत होता आणि मशीन उलटं फिरतच नव्हतं.

हे सगळं मला ठाऊक होतं हो! पुस्तकात वाचलेलं होतं. पण झाशीत वर्षाचे आठ महिने आम्ही थंड करणारी मशीनं उघडतो, आणि तिथे बर्फ दिसला की मेकॅनिकच्या तोंडून एकच शब्द निघतो, 'गॅस'. मीही म्हणालो, "काकू, गॅस कमी झालाय." भरला. "झालं," म्हणालो, चहा प्यालो, निघालो. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

मग बोर्ड बदलला. पुन्हा "झालं". मग गॅसची दिशा फिरवणारा व्हॉल्व्ह तपासला, त्याची कॉइल तपासली, रिले टकटक वाजवून पाहिला, आतून बाहेर जाणारी सगळी वायर उचकून नवी टाकली. "वायर लूज होती, काकू. आता झालं." सेन्सरसुद्धा तपासला. बोर्डावरचा त्याचा प्लग काढून मीटर लावला. आकडा अगदी चोख आला, सकाळच्या हवेत जेवढा यायला हवा तेवढाच. सेन्सर ठणठणीत आहे म्हणून मी प्लग परत लावून टाकला. अरे गाढवा! नळीवर बोटभर बर्फ दिसतोय आणि सेन्सर म्हणतोय की नळी हवेइतकीच गार आहे. कुठल्याही शिकाऊ माणसाच्या लक्षात आलं असतं. माझ्या नाही आलं.

मधल्या काळात उपाय म्हणून मीच काकूंना सांगितलं की पहाटे कोमट पाण्याच्या दोन बादल्या युनिटवर ओतत जा, बर्फ सुटेल. पंचाहत्तरीची बाई. रोज पहाटे चूल पेटवल्यासारखी गीझर लावायची आणि धुक्यात बादल्या घेऊन अंगणात जायची. मी एकदा सकाळी लवकर गेलो तेव्हा त्यांना पाहिलं. डोक्याला मफलर, पदर खोचलेला, आणि आतून काकांच्या खोकल्याचा आवाज. मला म्हणाल्या, "ये रे. आज लवकर सुटला बघ बर्फ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी हातात पाना घेऊन परत त्या बोर्डातच डोकं घातलं.

संक्रांतीच्या आसपास त्या सांडलेल्या पाण्यावरून काकू घसरल्या. उजवं मनगट मोडलं. दोन दिवसांत मुलगी पुण्याहून हजर झाली. ओरडली नाही, भांडली नाही, सरळ तिकिटं काढली. मला फोन करून म्हणाली, "दादा, उद्या दुपारी आम्ही निघतोय. घर बंद राहील. लोक तांब्यासाठी नळ्या कापून नेतात, तर बाहेरचं मशीन काढून आत ठेवून द्याल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. घरात बॅगा भरलेल्या. काका खाटेवर शाल लपेटून भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी मागे जाऊन युनिटचं कव्हर उतरवलं, यावेळी पूर्ण, मागच्या बाजूचंसुद्धा. आणि तिथे, फ्रेमच्या सावलीतल्या कोपऱ्यात, काळ्या टेपनं नीट गुंडाळून चिकटवलेलं सेन्सरचं टोक दिसलं. नळीपासून वीतभर लांब. टेप माझी होती. गुंडाळण्याची पद्धत माझी होती.

हे आम्ही सगळेच करतो. मे-जूनमध्ये इथे लू सुटली की बाहेरचं युनिट इतकं तापतं की हाच सेन्सर घाबरून मशीन बंद पाडतो. भर दुपारी एसी बंद पडला की गिऱ्हाईक आम्हाला शिव्या घालतं. मग कुणीतरी कधीतरी शोध लावला, 'सेन्सर निकाल के छाँव में चिपका दो, कभी ट्रिप नहीं मारेगा'. आता तर मशीन बंद पडायची वाटही कुणी बघत नाही, बसवतानाच तो बाहेर काढून चिकटवतो. थंड करणाऱ्या मशीनला त्यानं फारसं काही बिघडत नाही. पण हे मशीन हिवाळ्यासाठी घेतलेलं होतं, आणि माझ्या हातानं सवयीनं आपलं काम करून टाकलं होतं. डोक्याला पत्ताही नव्हता. दीड महिना मी ज्या दुखण्याचं औषध शोधत होतो, ते दुखणं मीच दिलेलं होतं.

टेप ओरबाडून काढली. सेन्सर नळीतल्या त्याच्या जागी खोचला, मशीन सुरू केलं आणि अंगणात उकिडवा बसून राहिलो. बाहेर धुकं होतंच. तासाभरात जाळी पांढरी व्हायला लागली. मग खट्ट आवाज झाला, पंखा थांबला, आणि सगळ्या जाळीतून वाफ निघाली. पाणी घळाघळा खाली वाहिलं. पाच मिनिटांत जाळी स्वच्छ काळी, पंखा सुरू, आत गरम हवा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

धावत आत गेलो. "काका, झालं! आता खरंच झालं!"

काकांनी मान वळवली. मुलगी काकूंच्या हाताची झोळी बांधत होती, ती थांबली. म्हणाली, "काय झालं होतं नेमकं?"

सोपा प्रश्न होता. माझी चूक होती ताई, मे महिन्यात मी सेन्सर काढून ठेवला होता, तो आज परत लावला, आता काही होणार नाही. एवढंच बोलायचं होतं. तिला पटलं असतं, कारण ते खरं होतं आणि ऐकताना खरंच वाटलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "वायर लूज होती."

ती म्हणाली, "दादा, मागच्या वेळीही वायरच लूज होती." आवाजात राग नव्हता. ती परत गाठ मारायला लागली.

काका खाटेवरून उतरले. नाकातली नळी सावरत दोन पावलं माझ्याकडे आले. हळू आवाजात म्हणाले, "तू नुसतं म्हण, की आता हे बंद पडणार नाही. हिच्याशी काय भांडायचं ते मी भांडतो. तिकिटं फाडायला लावतो. तू फक्त म्हण."

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा तो प्लॅस्टरमधला हात. मला वाटलं, आता सांगितलं तर ही बाई म्हणेल, अरे, मग मी रोज पहाटे बादल्या कशासाठी उचलल्या? आणि मी ते वाक्य बोललो, जे रोज दहा गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकतो. "मशीन आहे काका. मशीनचा काय भरवसा."

काकांनी नाकातली नळी पुन्हा सावरली. मग "बरं" म्हणाले आणि खाटेवर जाऊन बसले. चपला घालायला त्यांना मुलीनं मदत केली. खोली छान तापली होती, त्यांनी शालही काढून ठेवली होती. दुपारी मीच बॅगा गाडीत चढवल्या. शेजारचे पाच-सहा जण जमले होते, कुणी 'बाबूजी, जल्दी आइएगा' म्हणालं. काकांनी नुसता हात वर केला.

होळीच्या आधी पुण्याहून फोन आला, काकूंचा. काका गेले, आठवडा झाला होता. काकू बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. इथं कोथिंबिरीला वास नाही, लिफ्टची भीती वाटते. मग आवाज खाली आणला.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुझ्याशिवाय कुणाला विचारणार. त्या दिवशी मशीन खरंच सुधारलं होतं का रे? कारण ती खोली किती छान तापली होती. हे शेवटपर्यंत तेच म्हणत होते, की आपण घाई केली, चार दिवस थांबायला हवं होतं. मला झोप लागत नाही. आम्ही थांबलो असतो, तर चाललं असतं का ते?"

मशीन माझ्यासमोरच होतं, आत काढून ठेवलेलं. त्यांनी किल्ली माझ्याकडे ठेवली होती आणि मी घर बघायला गेलो होतो, तेव्हाच फोन आला होता. खरं सांगितलं असतं तर माझ्या छातीवरचं थोडं हललं असतं. पण ते सगळं तिकडे पुण्यात, चौथ्या मजल्यावर, त्या म्हातारीच्या छातीवर जाऊन बसलं असतं. जेव्हा सांगायला हवं होतं तेव्हा सांगितलं नाही, आणि आता सांगायची सोय उरली नव्हती.

"नाही हो काकू," मी म्हणालो. "दोन दिवसांत परत बंद पडलं असतं. बरं झालं तुम्ही गेलात."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "देव तुझं भलं करो," म्हणाल्या. "फार ओझं होतं रे मनावर. तू होतास म्हणून."